हॅचरीतले मासे आणि नदीतले मासे : खाणं, थवा आणि भीती

जलपर्णी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. माझ्याकडे दोन टाक्या आहेत आणि दोन्हींत एकाच जातीचे मासे, झेब्रा डॅनिओ. एका टाकीतले पिढ्यानपिढ्या हॅचरीत (म्हणजे अंडी उबवून मासे वाढवायच्या केंद्रात) वाढलेले, दुसरीतले एका मित्राने ओढ्यातून आणून दिलेले. दिसायला जवळपास सारखेच, ओढ्यातले जरा सडपातळ, पण वागणं बघितलं तर कुणी म्हणणार नाही की ही एकच जात आहे. झाकणाला हात लावला की हॅचरीवाले सगळे वर, तोंडं उघडून तयार. ओढ्यातले तळाशी एकमेकांना चिकटून बसतात आणि मी खोलीबाहेर गेल्याशिवाय खाण्याला तोंड लावत नाहीत, लावलं तरी एक कण उचलायचा की परत घोळक्यात. हॅचरीवाल्यांचा खाताना थवाबिवा काही राहत नाही, नुसती ढुशाढुशी.

तर प्रश्न असा की हे शिकलेलं आहे की रक्तातलं? आणि दुसरं म्हणजे नद्यांत, तलावांत जे हॅचरीतले मासे सोडतात ते तिथे जाऊन खातात काय आणि फिरतात कुणाबरोबर? माझं मत आधीच सांगून टाकते, हॅचरीतला मासा हा बिघडलेला मासा आहे. पटत नसेल तर भांडा.

मूकवाचक
रोचक विषय. वाचतोय.

काठावरचा_बगळा
जलपर्णी, स्वागत. "बिघडलेला" या शब्दाला माझं अनुमोदन. मी गळाचा माणूस, ट्राउटवर बरीच वर्षं घालवली. नुकतेच सोडलेले ट्राउट काठावर पावलं वाजली की पळण्याऐवजी जवळ येतात, कारण हॅचरीत पावलं म्हणजे खाणं. त्या पाण्यात पेलेटसारखी (हॅचरीतल्या तयार गोळीखाण्यासारखी) दिसणारी तपकिरी गोळी हुकला बांधली तरी चालते, कीटकाची नक्कल करायची गरजच नाही. पोट फाडलं की त्यात काटक्या, खडे, पानांचे तुकडे, पेलेटच्या आकाराचं जे काय तरंगताना दिसलं ते सगळं. नदीतला जुना ट्राउट कसा असतो, दगडाच्या मागे संथ पाण्यात उभा राहणार, शेजारून जोराची धार जात असेल, त्या धारेतून वाहत येणारी अळी किंवा किडा नेमका टिपणार आणि लगेच परत जागेवर. ताकद किती कमी खर्च होते बघा. हॅचरीचा मासा त्याच नदीत धारेच्या मधोमध पोहत बसतो, इकडून तिकडे धावतो, दुसऱ्यांवर विनाकारण धावून जातो, आणि जेवढं खातो त्याहून जास्त घालवतो. काही आठवड्यांत त्याची पाठ बारीक झालेली दिसते.

खेकडा_तिरपा
पावलं वाजली की जवळ येणारे आणि दिसेल ते गिळणारे. बगळेकाका, तुम्ही माशांबद्दल बोलताय ना नक्की? आमच्या ऑफिसात पण एक हॅचरी आहे.

शंकासुर
असहमत. बिघडलेला म्हणजे कशाच्या मानाने? सिमेंटच्या टाकीत वरून खाणं पडतं, शिकारी नाही, जागा कमी, शेजारी हजारो. तिथे जो दगडामागे लपून वाट बघत बसेल तो उपाशी मरेल किंवा निदान मागे पडेल. जो वर धावतो, घाबरत नाही, ढुशी मारतो तो मोठा होतो आणि पुढच्या वर्षी ब्रूडस्टॉक म्हणून, म्हणजे प्रजननासाठी, तोच निवडला जातो. म्हणजे मासा त्याच्या जागी एकदम चोख आहे. आपण त्याची जागा बदलतो आणि वर त्यालाच नावं ठेवतो.

जलपर्णी
शंकासुर, मान्य, पण मग रक्तातलं की शिकलेलं हे तुम्ही दोन्ही एकत्र केलंत. वर धावणं शिकता येतं, त्याला पिढी लागत नाही. माझ्या टाकीतले ओढ्यातले मासे पण हळूहळू शिकतीलच की.

सूक्ष्मदर्शी
जलपर्णी, तुझा मुद्दा बरोबर आहे, दोन थर आहेत आणि ते वेगळे काढायचे तर एकच युक्ती, दोघांची पिल्लं एकाच प्रकारच्या टाकीत, एकाच खाण्यावर वाढवायची आणि मग बघायचं फरक उरतो का. हे काम झालंय. (पीएचडीला याच विषयाच्या आसपास घुटमळतेय, त्यामुळे लांबण लागणार, सॉरी.)

सगळ्यात गाजलेलं उदाहरण त्रिनिदादच्या गप्पींचं. तिथे डोंगरातून येणारे ओढे आहेत, मध्ये धबधबे. धबधब्याच्या खाली पाइक सिक्लिडसारखे मोठे शिकारी मासे असतात, धबधब्याच्या वर ते चढू शकत नाहीत, तिथे फक्त रिव्ह्युलस नावाचा छोटा मासा असतो जो झालंच तर लहान गप्पी खातो. खालचे गप्पी घट्ट थव्याने फिरतात, वरचे सुटे सुटे. बेन सेघर्सने 1974 साली दाखवलं की लॅबमध्ये जन्मलेल्या, शिकारी कधीच न बघितलेल्या पिल्लांतही हा फरक राहतो. म्हणजे थवा करायची ओढ बऱ्यापैकी रक्तात आहे.

आणि ती जाऊ पण शकते. 1957 साली कॅरिल हॅस्किन्सने खालच्या धोक्याच्या पाण्यातले सुमारे 200 गप्पी उचलून तुरूरे नदीच्या वरच्या भागात सोडले, जिथे आधी गप्पी नव्हतेच आणि मोठे शिकारीही नव्हते. अ‍ॅन मॅगुरन, सेघर्स वगैरेंनी जवळपास 35 वर्षांनी त्यांचे वंशज तपासले तर थवा करणं आणि शिकाऱ्याबाबतची सावधगिरी दोन्ही कमी झालेली. माणसाने कुणालाही निवडलं नव्हतं, भीतीचं कारण गेलं आणि भीतीची किंमत तेवढी उरली, बास. हॅचरी म्हणजे असाच धबधब्यावरचा ओढा समजा, फक्त तिथे वरून खाणंही पडतं.

शंकासुर
भीतीची किंमत म्हणजे? उलगडून सांगा, इथेच गोम आहे असं वाटतंय.

सूक्ष्मदर्शी
गोम तिथेच आहे. माशाला खाताना आजूबाजूला बघता येत नाही, निदान नीट नाही. मिलिन्स्की आणि हेलर या दोघांचा 1978 चा स्टिकलबॅक या छोट्या काटेरी माशावरचा प्रयोग बघा. भुकेल्या स्टिकलबॅकला डाफनियाचे (पाण्यातल्या बारीक जिवांचे) दाट आणि विरळ घोळके दिले तर तो दाटात शिरतो, कारण तिथे घासामागे घास मिळतो. पण दाट घोळक्यात एकेक डाफनिया नजरेने धरून ठेवायला सगळं लक्ष लागतं. आता त्याच माशावरून खंड्या पक्ष्याची प्रतिकृती फिरवली की तो विरळ घोळक्याकडे वळतो. कमी मिळतं पण एक डोळा वर ठेवता येतो. म्हणजे खाणं आणि पहारा एकाच डोक्यात एकाच वेळी चालवायचं, आणि एकाला दिलं की दुसऱ्याचं कमी होतं. जलपर्णी, तुझे ओढ्यातले डॅनिओ एक कण उचलून परत जातात ना, तोच हिशोब.

थवा इथे कामाला येतो. पहारा वाटून घेता येतो. पिचर, मॅगुरन आणि विनफिल्ड यांनी 1982 मध्ये मिनो (कार्पच्या गोतातला छोटा मासा) आणि गोल्डफिशवर दाखवलं की मोठ्या थव्यातल्या माशाला लपवलेलं खाणं लवकर सापडतं. एकाला सापडलं की बाकीच्यांना त्याच्या हालचालीवरून कळतं, आणि भोवती जास्त जण असले की प्रत्येक जण कमी घाबरतो, जास्त वेळ खातो. त्यामुळे थवा म्हणजे फक्त लपणं नाही, ती खायचीही सोय आहे. धाग्यात आपण दोन विषय वेगळे धरतोय पण ते एकच आहेत.

काठावरचा_बगळा
सूक्ष्मदर्शी ताई, जबरदस्त. पण ट्राउट-सॅल्मनची पिल्लं थवा करत नाहीत ना. प्रत्येकाचा आपापला दगड, आपापली हद्द. तुमचं थव्याचं गणित तिथे कसं लावायचं?

सूक्ष्मदर्शी
बरोबर पकडलंत काका. वाहत्या पाण्यातली ट्राउट-सॅल्मनची पिल्लं हद्दवाली, कारण खाणं एका ठरावीक धारेतून येतं आणि ती जागा राखणं परवडतं. कार्प, मिनो, डॅनिओ यांचं खाणं विखुरलेलं आणि हलतं, तिथे राखायला काही नाही, म्हणून एकत्र हिंडणं परवडतं. हॅचरीत दोघांचाही घोळ होतो. ट्राउटला हद्द करायला जागाच नाही, त्यामुळे दाटीत राहायची सवय लागते, आणि थवेवाल्यांना थव्याचं कारणच उरत नाही.

टेट्रावाला
एक बारीक दुरुस्ती सगळ्यांसाठी. नुसते एकत्र असणारे मासे आणि एका दिशेने एका वेगात कवायत करणारे मासे, यात फरक करा. माझ्या टाकीत टेट्रा शांत असले की सैलसर पसरलेले असतात, तोंडं कुठेही, जो तो आपापलं चरतोय पण लांब कुणी जात नाही. काहीतरी पडलं, दार आपटलं, की एका क्षणात सगळे समांतर. अ‍ॅक्वेरियमवाले नेहमी विचारतात "माझे टेट्रा थवा का करत नाहीत", अरे बाबा ते खुशीत आहेत म्हणून करत नाहीत! सतत घट्ट थव्यात फिरणारे टेट्रा म्हणजे घाबरलेले टेट्रा. तेव्हा जलपर्णी, हॅचरीवाले थवा विसरले असं लगेच म्हणू नका, कदाचित तुमच्या खोलीत त्यांना घाबरण्यासारखं काही दिसत नसेल.

जलपर्णी
अरे हो, हे डोक्यात आलंच नव्हतं. मग तपासायचं कसं? घाबरवून बघू?

टेट्रावाला
वरून हाताची सावली एकदाच फिरवा आणि बघा किती वेगाने एकत्र येतात आणि किती वेळाने परत खायला लागतात. दुसरा आकडा महत्त्वाचा. पण रोज करू नका, चारपाच वेळात त्यांना कळतं की सावलीमागून काहीच येत नाही.

सूक्ष्मदर्शी
+१. आणि झेब्रा डॅनिओत हे बघितलं गेलंय, लॅबमध्ये पिढ्यानपिढ्या वाढलेले पाण्याच्या वरच्या थरात जास्त राहतात आणि कमी दचकतात, रानातल्यांच्या मानाने. जलपर्णी, तुझी टाकी पुस्तकाप्रमाणेच वागतेय.

तळ्याकाठी
इथे सगळे ट्राउट आणि गप्पीवर बोलताय, आम्ही कार्पवाले कोपऱ्यात बसून ऐकतोय. आता बोलतो. सगळ्या हॅचऱ्या एका मापाने मोजू नका राव. ट्राउटची हॅचरी म्हणजे सिमेंटचे वाहते हौद आणि पहिल्या घासापासून पेलेट. आमच्याकडे कटला-रोहू-मृगळचं तसं नसतं. 1957 मध्ये हिरालाल चौधरींनी पिट्युटरीचं इंजेक्शन देऊन प्रजनन जमवलं, त्याआधी बीज नदीतूनच गोळा करायचे. आता अंडी-जिरे (जिरे म्हणजे नुकती जन्मलेली पिल्लं) हॅचरीत होतात हे खरं, पण जिरे काही दिवसांत मातीच्या नर्सरी तळ्यात जातात. तिथे आधी खत टाकून प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, तयार केलेलं असतं, आणि पिल्लं रोटिफर, डाफनिया वगैरे जिवंतच खातात. पेंड-कोंडा देतो तो वरखर्च. तळ्यात पाणकिडे असतात, बेडूक असतात, बगळे असतात (काका, तुम्ही नाही), त्यामुळे बोटुकली (बोटाएवढं पिल्लू) होईपर्यंत त्याने थोडंफार जग बघितलेलं असतं. मोठ्या तलावात सोडल्यावर कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, आपापल्या जागी जातात, त्यांना कुणी शिकवत नाही.

सोडल्यावर मरत नाहीत असं म्हणत नाही. मरतात, आणि कारण बहुतेकदा मरळ किंवा तसलाच दुसरा शिकारी मासा. म्हणून तर बोटुकली मोठी करून सोडायला सांगतात.

शंकासुर
हा प्रतिसाद धाग्याच्या सुरुवातीला यायला हवा होता. म्हणजे "हॅचरी" ही एक गोष्टच नाही. कुठल्या वयापर्यंत, कसल्या पाण्यात, काय खाऊन, हे सांगितल्याशिवाय वाक्य पुढे जाऊ नये.

काठावरचा_बगळा
तळ्याकाठी दादा, मुद्दा मान्य, माझं निरीक्षण हौदात वाढलेल्या ट्राउटपुरतं. पण तुमचंही ब्रूडस्टॉक पिढ्यानपिढ्या तेच असेल तर रक्ताचा थर आहेच की.

तळ्याकाठी
आहेच. जवळच्या नात्यात प्रजनन होऊन वाढ खुंटते, हे आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं. म्हणून नदीतले नर-मादी अधूनमधून आणून मिसळा असं सांगतात. सगळे ऐकतात का, तो वेगळा धागा.

आकडेमोड
गंभीर चर्चेत थोडं गणित. स्टिकलबॅकचा विषय निघालाच आहे तर मिलिन्स्कीचाच 1979 चा प्रयोग मला फार आवडतो. टाकीत सहा मासे, दोन टोकांना खाणं, एका टोकाला दुसऱ्याच्या दुप्पट वेगाने. थोड्या वेळात चार इकडे, दोन तिकडे. टोकांचं खाणं आपसात बदललं की पुन्हा हलून नवीन वाटणी. कुणी सांगत नाही, कुणी मोजत नाही, जो तो आपल्याला कुठे जास्त मिळतंय तेवढंच बघतो. आता प्रश्न, हॅचरीतले मासे हे जमवतील का? त्यांना आयुष्यभर एकाच ठिकाणी, एकाच वेळी मिळालंय. दुसरीकडे जाऊन बघायची सवयच नाही.

खेकडा_तिरपा
मेसची घंटा वाजली की ताट घेऊन पळणाऱ्या पोरांना एकदम जंगलात सोडून "जा, कंदमुळं शोधा" म्हणण्यासारखं आहे हे. दोन दिवस ती घंटेचीच वाट बघतील.

सूक्ष्मदर्शी
खेकडा, आणि त्या पोरांना शिकवता येतं का यावरही काम झालंय! कलम ब्राउन, डेव्हिडसन आणि लालँड, 2003, अटलांटिक सॅल्मनची पिल्लं. 3 महिने काही साध्या हॅचरी टाकीत, काही झाडं-दगड-नवनव्या वस्तू असलेल्या टाकीत. मग दोन्हींतल्या अर्ध्यांना जिवंत ब्लडवर्म (लाल अळ्या) दिले, अर्ध्यांना पेलेटच. शेवटी सगळ्यांपुढे नवंच जिवंत खाणं ठेवलं, आर्टेमिया, जे कुणीच पाहिलं नव्हतं. ज्यांना सजवलेली टाकीही मिळाली आणि जिवंत खाणंही, ते चांगले निघाले. नुसत्या ब्लडवर्मने साध्या टाकीतल्यांना तसा फायदा झाला नाही. एक किडा खायला शिकवून "किडे खायचे असतात" हे कळत नाही, त्यासाठी टाकीही बदलती लागते.

आणखी एक. किहस्लिंगर आणि नेव्हिट, 2006. स्टीलहेडची (समुद्रात जाऊन येणाऱ्या रेनबो ट्राउटची) नुकती बाहेर आलेली पिल्लं, एका गटाच्या टाकीत तळाला दगड ठेवले, दुसऱ्यात उघडा तळ. दगडवाल्यांचा लहान मेंदू, म्हणजे हालचाल सांभाळणारा भाग, मोठा भरला आणि हालचालीही रानातल्या पिल्लांच्या जवळ गेल्या. नुसत्या दगडांनी! फार महागातली सुधारणा नाही ही.

जलपर्णी
बाप रे. म्हणजे माझ्या हॅचरीवाल्यांची टाकी मी "साफ करायला सोपी" म्हणून उघडी ठेवलीय ते...

टेट्रावाला
टाका दगड. साफसफाईची कटकट वाढेल, आधीच सांगतो.

शंकासुर
थांबा, सगळं दगडांनी सुटत असेल तर रक्ताचा मुद्दा हवेत गेला. दोन्हींतलं जास्त वजन कशाला?

सूक्ष्मदर्शी
दोन्ही आहे, आणि ते एकाच अभ्यासात दिसतं. बेरेजिकियन, 1995, स्टीलहेडची पिल्लं आणि त्यांना खाणारा तळातला स्कल्पिन मासा. रानातल्या आईबापांची आणि हॅचरीच्या वाणाची पिल्लं सारखीच वाढवली तरी रानवाली जास्त वाचली, हा रक्ताचा थर. पण आधी दुसऱ्या पिल्लांची शिकार होताना बघायला मिळाली की दोन्ही गट सुधारले, हा शिकण्याचा थर.

रक्तात नेमकं काय बदलतं याचा माझ्या मते सगळ्यात चांगला पुरावा जॉन्सन आणि अब्राहम्स यांचा 1991 चा. पाळीव वाणाशी संकर झालेली स्टीलहेडची पिल्लं शिकारी जवळ असतानाही खायला जास्त धोका पत्करतात. म्हणजे ती मूर्ख नाहीत, त्यांना शिकारी दिसतोय, पण भूक वरचढ आहे. आपण झपाट्याने वाढणारे मासे निवडतो, झपाट्याने वाढायला जास्त खावं लागतं, जास्त खायला भीती बाजूला ठेवावी लागते. धीटपणा कुणी मुद्दाम निवडला नाही, वाढीच्या मागून तो आपोआप आला. आणि भूक जास्त असली की मासा थव्याच्या कडेला, पुढे सरकतो, हे रोच नावाच्या माशाच्या पिल्लांत क्राउसेने दाखवलंय. पुढच्याला खाणं पहिल्यांदा मिळतं आणि शिकारीही पहिल्यांदा त्यालाच भेटतो.

काठावरचा_बगळा
हे मला गळावर रोज दिसतं. धीट मासा आधी लागतो. म्हणजे आम्ही गळवाले पण निवडच करतोय की काय, उलट्या बाजूने?

सूक्ष्मदर्शी
अगदी तेच. बायरो आणि पोस्ट, 2008, प्रयोगाच्या तलावांत झपाट्याने वाढणारा धीट वाण आणि सावकाश वाढणारा बुजरा वाण असे रेनबो ट्राउट सोडले आणि जाळी लावली. धीट वाण तिप्पट वेगाने पकडला गेला. हॅचरी धीट बनवते, जाळं धीट उचलतं.

मूकवाचक
वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका, हॅचरीच्या माशाला शिकाऱ्याचा वास कळतो का? डोळ्यांनी ओळखायचं सोडा.

तळ्याकाठी
वासाचं मला माहीत आहे. जखमी कार्पच्या कातडीतून काहीतरी सुटतं आणि बाकीचे पळतात. तळ्यात जाळं लावताना दोन मासे खरचटले की बाकीचे तळाला बसतात, पुन्हा ओढ मारली तर निम्मेही येत नाहीत.

सूक्ष्मदर्शी
दादा, कार्ल फॉन फ्रिशने 1938 मध्ये मिनोत हेच वर्णन केलं, तोच तो मधमाशीच्या नाचासाठी पुढे 1973 चं नोबेल मिळवणारा. कार्प, मिनो, डॅनिओ, मागुर या सगळ्या गोतावळ्याच्या कातडीत खास पेशी असतात, कातडी फाटली तरच ते द्रव्य सुटतं. त्याला घाबरणं जन्मजात असतं, हॅचरीतलाही घाबरतो. पण कुठला मासा शिकारी आहे हे बहुतेकदा शिकावं लागतं, आणि गंमत म्हणजे एकदाच पुरतं. त्या द्रव्याबरोबर पाइकचा वास एकदा आला की मिनो पुढे नुसत्या पाइकच्या वासालाही दडतो. सोडण्याआधी असा एक पाठ द्यावा अशी कल्पना इथूनच निघाली. लॅबमध्ये छान चालते, नदीत मात्र निकाल संमिश्र आहेत.

अवांतर : मिनो खाल्लेल्या पाइकच्या विष्ठेत ते द्रव्य उतरतं, आणि पाइक खायच्या जागेपासून लांब जाऊन विष्ठा टाकतो असं एका टाकीतल्या प्रयोगात दिसलं.

खेकडा_तिरपा
पुरावा नष्ट करणारा मासा. माझ्या रूममेटला एवढंही जमत नाही.

आकडेमोड
@खेकडा, हसून हसून मेलो.
ताई, एक शंका. थव्यातून शिकता येतं तर रानातल्या माशांत हॅचरीवाले मिसळले की तेच त्यांना शिकवतील ना? एवढे दगड आणि पाठ कशाला?

सूक्ष्मदर्शी
काही अंशी हो. गप्पी खाण्याची वाट माहितगारांच्या मागे फिरूनच शिकतात, लालँड आणि विल्यम्सचं 1997 चं काम. पण त्याच दोघांनी पुढच्या वर्षी उलटी बाजूही दाखवली. जवळची वाट उपलब्ध असताना माहितगार लांबच्या वाटेने जात असले तर नवखेही लांबच्याच वाटेने जात राहिले, सोबत सुटू नये म्हणून. म्हणजे थवा जे माहीत असेल ते पसरवतो, बरोबर की चूक ते बघत नाही. आता हॅचरीतून हजार मासे एका जागी एकदम सोडले तर थव्यात माहितगार कोण? सगळे नवखे, आणि नवख्यांच्या मागे नवखे.

शिवाय सगळ्या जाती सारख्या शिकत नाहीत. नऊ काट्यांचा स्टिकलबॅक दुसऱ्यांना कुठे जास्त मिळतंय हे लांबून बघून नंतर तिकडे जातो, तीन काट्यांचा त्याचा भाऊबंद मात्र ते वापरत नाही. तीन काट्यांच्याला काटेरी चिलखत चांगलं आहे, तो स्वतः जाऊन बघू शकतो, नऊ काट्यांचा लपून बघतो, असं कारण सांगतात.

तळ्याकाठी
म्हणूनच एका ठिकाणी ओतू नका, थोडे थोडे काठाकाठाने सोडा असं आम्ही सांगतो. आणि ओळखीचाही प्रश्न आहे, वेगवेगळ्या तळ्यांतले मासे एकत्र केले की काही दिवस नीट एकत्र फिरत नाहीत असं मला वाटतं. हे खरं आहे की माझा भ्रम?

सूक्ष्मदर्शी
भ्रम नाही. गप्पींत ग्रिफिथ्स आणि मॅगुरनने मोजलंय, ओळखीच्यांना पसंती द्यायला साधारण 12 दिवस एकत्र राहावं लागतं. कार्पचा आकडा तोच असेल असं म्हणत नाही.

टेट्रावाला
आणि थव्यात वेगळं दिसणं धोक्याचं. बास माशासमोर चंदेरी मिनोंचा थवा आणि त्यात एकदोन निळे रंगवलेले, असा 1986 चा लँडो आणि टेरबोर्ग यांचा प्रयोग आहे. एकसारख्या थव्यात बास गोंधळतो, वेगळा दिसणारा असला की सगळ्यांचीच शिकार सोपी होते, वेगळ्याची तर होतेच. हॅचरीचा गुबगुबीत, झिजलेल्या परांचा मासा रानातल्यांत घुसला की तो स्वतः तर दिसतोच, शेजाऱ्यांनाही अडचणीत आणतो.

शंकासुर
ठीक, माझा विरोध आता बारीक होत चाललाय. "बिघडलेला" नाही या मतावर मात्र ठाम. दुसऱ्या जागेसाठी घडलेला. आणि सोडण्याचा उद्देश काय यावर सगळं ठरतं. खायला मासे हवेत म्हणून तलावात सोडताय तर काही महिन्यांत पकडणारच आहात, धीट आणि खादाड असला तर उत्तमच. नदीतली संपत चाललेली जात परत उभी करायची असेल तर तोच गुण घातक.

काठावरचा_बगळा
हे पटलं. दुसऱ्या प्रकारात नुकसान एका पिढीत थांबत नाही असंही वाचलंय.

सूक्ष्मदर्शी
हो काका. ओरेगनच्या हूड नदीतल्या स्टीलहेडवर अराकी आणि सहकाऱ्यांचं 2007 चं काम, बंदिस्तात वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे नदीतली प्रजननक्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घटते. त्याच नदीतल्या माशांवर 2016 मध्ये आलं की रानातल्या आणि पहिल्याच पिढीच्या हॅचरी माशांच्या पिल्लांत 723 जनुकांचं काम वेगळं दिसतं. पहिल्याच पिढीत! त्यामुळे दगड आणि ब्लडवर्म शिकण्याचा थर दुरुस्त करतात, खालचा थर तसाच राहतो. त्याला उपाय म्हणजे ब्रूडस्टॉक रानातून घेत राहणं आणि हॅचरीत शक्य तितके कमी दिवस ठेवणं.

जलपर्णी
सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. "बिघडलेला" मागे घेत नाही, पण "हौदासाठी उत्तम" हे शेजारी लिहिते, शंकासुर खूश? आता एक व्यावहारिक प्रश्न. दोन्ही टाक्या एकत्र केल्या तर ओढ्यातल्यांकडून हॅचरीवाले काही शिकतील, की उलटं होईल?

टेट्रावाला
दोन्ही होईल. खाण्याच्या वेळी ओढ्यातले हॅचरीवाल्यांच्या मागून वर यायला शिकतील, कारण धीटांच्या सोबत सगळेच धीट होतात. दचकण्याच्या वेळी हॅचरीवाले त्यांच्या मागे तळाला जातील. पण आधी वेगळी ठेवून रोग बघा, रानातल्या माशांच्या अंगावर परजीवी असू शकतात. स्टिकलबॅकच्या पोटात चपटा कृमी शिरला की तो थवा सोडून भुकेने एकटा हिंडतो, पक्ष्याला आयताच सापडतो, आणि कृमीला पक्ष्याच्याच पोटात जायचं असतं. तेव्हा एखादा "धीट" दिसला तर लगेच स्वभावाचं कौतुक करू नका, आजारी नाही ना बघा.

तळ्याकाठी
आणि कंटाळा आला म्हणून टाकीतले मासे ओढ्यात सोडू नका. ओढ्यातले आणलेले पण नाही, एकदा दुसऱ्यांबरोबर राहिले की त्यांच्याबरोबर काय जाईल सांगता येत नाही.

जलपर्णी
नाही हो दादा, सोडणार नाही. सावलीवाली चाचणी रविवारी करते, आकडे इथेच टाकेन.

आकडेमोड
दोन्ही टाक्यांत मासे सारख्याच संख्येने ठेवून करा, नाहीतर मोठा थवा म्हणून कमी घाबरले की हॅचरीचे म्हणून, ते कळणार नाही.